अठरा टक्के

९ फेब्रुवारी

भावजी,

फोनवर तुम्ही इतकं गोड बोलता की फोन ठेवल्यावर लक्षात येतं, विचारायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते आहे. तुम्हीही लिहूनच उत्तर द्या.

शेजारच्या शेडमध्ये शाई बनवणारे गृहस्थ एक व्यापारी मासिक घेतात. या महिन्यात त्यात चक्क आमच्या मालावर लेख आहे: औद्योगिक चिकट फिल्म, बाजाराचा कल आणि पुढची पाच वर्षं. एरवी आमच्याबद्दल कुणी दोन ओळी खरडत नाही, इथे चार पानं. मागणी दरवर्षी अठरा टक्क्यांनी वाढणार म्हणतात, आणि वाढणार ती सगळी रुंद फिल्मची. गाड्यांच्या छतांची अस्तरं, सीटची कव्हरं, दारांच्या आतलं कापड. बुटांना आणि बॅगांना लागणारी अरुंद फिल्म आहे तिथेच राहणार. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या चार कंपन्यांच्या अहवालांचा हवाला दिलाय आणि पहिलं नाव तुमच्या कंपनीचं. हा विषय तिथे तुमच्याकडेच असतो, हे मला ठाऊक आहे.

आमची फिल्म अरुंद. तुमचे दादा आणि फिटरमामा यांनी ते मशीन स्वतः उभं केलं. दादा गेल्यापासून मी एकटी त्यावर कारखाना चालवते आणि चौदा माणसं त्यावर जेवतात. रुंद मशीन घ्यायचं तर शेडमध्ये जागा एकाच मशीनची. जुन्याचा पाया जमिनीत ओतलेला आहे, ते अख्खं निघणार नाही, तोडावं लागेल. तोडलं की बूटवाली गिऱ्हाइकं गेली. परतीची वाट नाही.

तेव्हा एकच विचारते. अठरा हा आकडा पक्का आहे का? हो किंवा नाही.

सोबत आमच्या फिल्मने जोडलेले कापडाचे दोन तुकडे पाठवते. ओढून बघा. कापड फाटेल, जोड सुटणार नाही. सुटला तर मला परत पाठवा.

आणि तुमच्या नव्या घरी जेवायला आले होते तेव्हाचं मी काही मनात ठेवलेलं नाही. तीन वर्षं होऊन गेली. तुमची बायको, आमची धाकटी, म्हणाली, "अजून चालतो का हो वहिनी तुमचा गोंदाचा धंदा?" मला राग आला, मीही काहीतरी फुशारकी मारली. काय ते आता आठवतही नाही. पण तिला सांगा, गोंद बाटलीत असतो. आम्ही फिल्म करतो.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि घरात किती आनंद झाला म्हणून सांगू! हल्ली पत्र कोण लिहितं? तुकडे ऑफिसात नेऊन सगळ्यांकडून ओढून घेतले. आमचा सगळ्यात दांडगा माणूस दमला. शेवटी कापडच फाटलं. मी म्हटलं, आमच्या वहिनींची फिल्म आहे, वहिनींसारखीच, धरलं की सोडत नाही.

आता तुमचा प्रश्न. बाजाराचा आउटलुक हा नेहमी अनेक अंगांनी पाहावा लागतो. गाड्यांची मागणी, कच्च्या मालाचे भाव, नवे कायदे, शिवणकामाऐवजी चिकटवण्याकडे उद्योगांचा वाढता ओढा. या सगळ्यांचा विचार केला तर चित्र आशादायक आहे. आमच्याशिवाय आणखी तीन कंपन्यांनी स्वतंत्रपणे हाच आकडा दिला आहे, आणि आमच्या क्षेत्रात चौघांचं एकमत म्हणजे दुर्मीळ गोष्ट. शिवाय मूळ आकडा आकाशातून पडलेला नाही. या धंद्यात आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ उत्पादकाच्या अनुभवावर तो उभा आहे. नाव सांगता येत नाही, तसा आमच्याकडे नियमच आहे.

जुनं मशीन लगेच तोडायलाच हवं का? थोडं थांबता आलं तर पाहा. पण तुम्ही या धंद्यात मुरलेल्या, मी तुम्हाला काय सांगणार. तुमचे निर्णय नेहमी बरोबर असतात, असं दादाही म्हणायचा.

एक सांगायचं राहिलं. याच अहवालामुळे मला विभागप्रमुख केलं. तुमचा आशीर्वाद असू द्या. आणि त्या जेवणाची आठवण आता काढूच नका. झालं गेलं. धाकटी तर विसरलीसुद्धा.

आपला,
भावजी


१ मार्च

भावजी,

विभागप्रमुख झालात, अभिनंदन. पत्रही विभागप्रमुखासारखंच लिहिलंत. मी हो की नाही विचारलं, तुम्ही दोन पानं पाठवलीत. दोनदा वाचली. त्यांत 'नाही' कुठेही सापडलं नाही, म्हणून 'हो' समजते.

तुमचा ज्येष्ठ उत्पादक कोण, ते मी ओळखलं. नाव सांगू नका, तुमचा नियम मोडायला नको. पण या मालात आयुष्य घालवलेला आणि बोलेल त्याला वजन असलेला माणूस एकच: नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याचा मालक. आम्ही त्याला टायवाला म्हणतो. भर उन्हात, भट्टीसमोरसुद्धा टाय सोडत नाही. चिक्कू इतका की चौकशी केल्याशिवाय शिंकायचा नाही. त्याने अठरा सांगितलं असेल तर ते वीस असणार, दोन त्याने खिशात ठेवले असणार.

त्याच्याआधी माझं मशीन लागलं पाहिजे. वीस वर्षं तो मला "या बाई" म्हणून खुर्ची देतो आणि माझी गिऱ्हाइकं पळवतो. या वेळी मी पुढे.

फिटरमामांना सांगितलं. ते म्हणाले, "तोडायचं?" मी म्हटलं, तोडायचं. ते म्हणाले, "बोल्ट वेगळे ठेवतो." ठेवा म्हटलं.

तुमची,
वहिनी


११ मार्च

वहिनी, नमस्कार.

घाईत आहे, बाहेरगावी निघालो आहे. त्या उत्पादकाबद्दल मी काही बोलू शकत नाही. तुमचा अंदाज तुमच्यापाशी. थांबता येत असेल तर जरूर थांबा, नसेल तर मनापासून शुभेच्छा. धाकटी नमस्कार सांगते.

भावजी


१७ जून

भावजी,

मशीन लागलं.

जुनं तोडायला चार दिवस लागले. पाया फोडताना शेडच्या भिंतींना हादरे बसत होते, शाईवाले दोनदा येऊन गेले. पट्ट्या, रूळ, चौकट सगळं भंगारात गेलं. फिटरमामांनी बोल्ट एका डब्यात भरले, तेल घातलं, झाकण लावलं आणि डबा माझ्या टेबलाखाली ठेवला. मी म्हटलं, मामा, याचं काय करायचं? म्हणाले, "राहू द्या. खायला मागत नाहीत."

नवं मशीन म्हणजे राजेशाही. आठ माणसं ओळीने झोपतील एवढी लांबी, आणि रुंदी इतकी की रोल उचलायला दोघं लागतात. तापायला अर्धा दिवस घेतं. एकदा तापलं की थांबवायचं नाही. थांबवलं तर आतला माल जळतो आणि रूळ खरवडत बसावं लागतं. म्हणजे बूटवाल्यांची छोटी कामं यावर परवडणार नाहीत. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, दुसरीकडे बघा. त्यातला एक म्हातारा दादांच्या वेळचा. म्हणाला, "आम्ही तुम्हाला कधी वाट पाहायला लावली नाही, वहिनी." मी चहा न घेताच उठले.

असो. पहिला रुंद रोल निघाला, नमुना सोबत आहे. माझी पद्धत तुम्हाला माहीत नसेल. प्रत्येक रोलचा तुकडा कापायचा, दोन कापडांत दाबायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. गरमागरम जोड कुणाचाही घट्ट लागतो. थंड झाल्यावर ओढून बघितला की खरं कळतं. हा एक दिवस थंड झालेला आहे. खुशाल ओढा.

गाड्यांच्या सीट बनवणाऱ्याने चाचणीपुरता माल घेतलाय. मोठी ऑर्डर पुढच्या महिन्यात देतो म्हणाला.

टायवाल्याने अजून काही हालचाल केलेली नाही. झोपला वाटतं.

तुमची,
वहिनी


२८ नोव्हेंबर

भावजी,

मधल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तुमच्या ऑफिसात कागद संपले की शाई?

सीटवाल्याची ऑर्डर आली नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर बाकावर आणखी दोघं बसले होते, मांडीवर नमुन्यांच्या पिशव्या. म्हणाला, "वहिनी, रुंद फिल्मवाले तुमच्यासकट सहा झाले या वर्षात. गाड्या तेवढ्याच आहेत. भाव पाडा, मग बोलू." सहाही जणांनी तोच लेख वाचला होता. एकाने तर कात्रण पाकिटात ठेवलंय. मी बघितलं.

मशीन आठवड्यातून दोन दिवस तापवते. बाकी दिवस माणसं शेड झाडतात. झाडून झाडून आता फरशी आरशासारखी झालीय.

आता मुख्य गोष्ट. परवा उत्पादकांच्या बैठकीत टायवाला भेटला. मी म्हटलं, शेठ, आम्हाला अठरा टक्के सांगितलेत आणि स्वतः मात्र रुंद मशीन घेतलं नाहीत, हे काय? तो म्हणाला, "बाई, मी? मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पाच म्हणालो असतो. तेसुद्धा हवा बरी असेल तर." मग इतका हसला की टाय चहात बुडाला.

तो खोटं बोलत नव्हता. माणूस टाय धुवायला पळताना खोटं बोलत नाही.

मग तुमचा ज्येष्ठ उत्पादक कोण, भावजी? नियम गेला चुलीत. नाव सांगा.

वहिनी


१४ डिसेंबर

वहिनी, नमस्कार.

दोन्ही पत्रं मिळाली होती, कामाच्या गडबडीत उत्तर राहिलं, क्षमस्व. बाजारात सध्या तात्पुरता मालाचा साठा झाला आहे, हे आमच्याही लक्षात आलं आहे. पण दीर्घकालीन आउटलुक अजूनही सकारात्मक आहे. आमची नवी आवृत्ती येत्या महिन्यात निघते, तिच्यातही अठराच कायम आहे. अहवालाचा आकडा एका वर्षाचा नसतो, वहिनी, पाच वर्षांचा असतो. धीर धरा.

नावाविषयी मी बांधलेला आहे, समजून घ्या. आणि समजा कळलं, तरी त्याने आता काय फरक पडणार?

तब्येतीला जपा. धाकटी तुमची फार आठवण काढते. फोन करते म्हणाली.

भावजी


६ जानेवारी

भावजी,

धाकटीने फोन केला. तुम्ही सांगितलंत तसाच केला, आठवणीने.

आधी हवापाण्याचं झालं. मग म्हणाली, "वहिनी, खरं सांगू? त्या दिवशी जेवताना मी तुमची चेष्टा केली, पण तुम्ही खऱ्या द्रष्ट्या निघालात. भात वाढता वाढता डाव माझ्यावर रोखून म्हणालात, 'गोंद म्हणतेस? दरवर्षी अठरा टक्के वाढेल आमचा माल, पुढची पाच वर्षं, आणि तोही रुंद. बघच तू.' हे लगेच पेन शोधायला उठले. आणि आता बघा, मोठमोठ्या अहवालांत तोच आकडा! मी सगळ्यांना सांगते, आमच्या वहिनी आधीच बोलल्या होत्या."

बिचारी मनापासून कौतुक करत होती. मला आठवलं. डाव आठवला, पेनही आठवलं. मला वाटलं होतं, तुम्ही भांडण नको म्हणून उठलात.

तो अठरा कुठून आला, सांगू? मला त्या क्षणी दहाच्या वरचा कुठलाही आकडा चालला असता. पंधरा म्हटलं असतं तर ते धाकटीला कमी वाटलं असतं. वीस म्हटलं असतं तर थाप वाटली असती.

मग तुमच्या अहवालातून तो दुसऱ्याने उचलला, दुसऱ्याकडून तिसऱ्याने, तिसऱ्याकडून चौथ्याने. आणि चौघं म्हणतात म्हणून तुम्ही तो पुन्हा छापलात. जावेला गप्प करायला मारलेली माझी फुशारकी चार घरं फिरून, कोट घालून माझ्याच दारात आली आणि मी तिला पाट मांडला.

फुशारकी माझी, तो दोष मी कुणावर ढकलत नाही. जेवताना माणूस काहीही बोलतं. तुम्ही ते छापलंत, तेही एक वेळ सोडलं असतं. तुमचं पोट आहे, महिनाअखेर आहे. पण मी तुम्हाला लिहून विचारलं होतं. मशीन उभं होतं तेव्हा विचारलं होतं. तुम्हाला माहीत होतं की मी माझाच आकडा तुमच्याकडे तपासायला पाठवते आहे. आणि तुम्ही मला 'ज्येष्ठ उत्पादक' म्हणून माझ्यापुढे उभं केलंत, टायवाल्याचं नाव घेतलं तेव्हाही गप्प राहिलात.

'नाही' ही दोन अक्षरं होती, भावजी.

मी प्रत्येक रोलचा तुकडा ओढून बघते. आपलं माणूस म्हणून तुमचा तेवढा ओढून बघितला नाही.

वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र धाकटीला दाखवलं नाही. तिला वाईट वाटेल.

तुम्ही मला खोटारडा ठरवलंत. मी खोटं काय लिहिलं? त्या आठवड्यात मी अनेक उत्पादकांना फोन केले, एकानेही सरळ उत्तर दिलं नाही. अहवाल द्यायचा होता. तुम्ही त्या दिवशी इतक्या ठामपणे बोललात की मला क्षणभरही शंका आली नाही. तुमच्या शब्दावर दादाने कधी शंका घेतली होती का? या घरात कुणी घेतली? मी तुमच्यावर विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा?

आणि मी 'थांबा' लिहिलं होतं. दोनदा लिहिलं होतं. पत्रं काढून पाहा. तुम्हाला टायवाल्याच्या पुढे जायचं होतं म्हणून ते तुम्ही वाचलं नाही.

याहून स्पष्ट लिहायचं म्हणजे मला माझ्याच अहवालाविरुद्ध लिहावं लागलं असतं. तेव्हा विभागप्रमुख होऊन महिनाही झाला नव्हता. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, ते प्रामाणिकपणे सांगा.

भावजी


३ सप्टेंबर

भावजी,

जानेवारीतल्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक भाग खरा होता. तुम्ही 'थांबा' लिहिलं होतं. काढून बघितलं. पाहुण्याला 'अजून थोडा भात घ्या' म्हणतात, तसं लिहिलं होतं.

कारखाना टायवाल्याने घेतला. तो अहवाल वाचत नाही, पडलेली मशीनं घेतो. सहापैकी चार मशीनं आता ताडपत्रीखाली आहेत, त्यांतली दोन त्याच्याकडे. चौदापैकी सहा माणसं त्याने ठेवली. फिटरमामा त्यांत नाहीत. मला ठेवलं. माल तपासायला. सकाळी येते, दारावरच्या मुलीला माझी वेळ सांगते, माझ्याच टेबलावर बसते. तो अजून "या बाई" म्हणून खुर्ची देतो. खुर्ची माझीच होती, एवढाच फरक.

गेल्या आठवड्यात तो म्हातारा बूटवाला आला. नव्या ठिकाणची फिल्म पावसात सुटते म्हणाला. "जुन्यासारखी करून द्या, सांगाल तेवढं थांबतो." टेबलाखाली माझ्या पायाला बोल्टांचा डबा लागत होता. मी म्हटलं, होत नाही.

पत्राचं कारण वेगळं. काल तुमच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं आदबशीर. नव्या आवृत्तीसाठी अनुभवी उत्पादकांची मतं घेत आहेत म्हणाली. यादीत माझं नाव होतं. ते काढायचं तुम्हाला सुचलं नाही, की मुद्दाम ठेवलंत, देव जाणे. तिने विचारलं, "मॅडम, पुढच्या पाच वर्षांत किती वाढ अपेक्षित आहे?"

या वेळी समोर धाकटी नव्हती, हातात डाव नव्हता. मी म्हटलं, लिही, शून्य. ती म्हणाली, "शून्य?" मी म्हटलं, हो, आणि कारणही लिही. सहा मशीनं, चार ताडपत्रीखाली, बंद मशीनं चालू झाल्याशिवाय नव्या मालाची गरज नाही. बूटवाल्यांना अरुंद फिल्म हवी आहे आणि ती करणारं कुणी उरलेलं नाही, तेही लिही. तिने सगळं परत वाचून दाखवलं. पोरगी नीट काम करते. तुम्ही तिला बिघडवू नका.

हा आकडा थंड झालेला आहे, भावजी. वर्षभर मी तो ओढून बघितलाय. माझ्यासाठी आता काही करू नका. पण कुठल्यातरी शेडमध्ये कुणीतरी मशीन तोडायला निघालं असेल. त्याच्यासाठी हा छापा. एवढंच मागते.

वहिनी


३० ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. राग निवळला, हे महत्त्वाचं. रक्ताच्या नात्यांपेक्षा अशी नाती मोठी.

नवी आवृत्ती निघाली. एक प्रत आदरपूर्वक सोबत पाठवत आहे. बांधणी या वेळी खास झाली आहे.

तुम्ही त्या मुलीला दिलेल्या उत्तराबद्दल सांगायला हवं. तिने अगदी आग्रहाने मांडलं, माझ्याशी वादही घातला. पण सगळ्यांची उत्तरं एकत्र ठेवल्यावर तुमचा आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडत होता. असा एकटा पडलेला आकडा पद्धतीप्रमाणे सरासरीतून वगळावा लागतो, नाहीतर चित्र बिघडतं. यात व्यक्तिगत काही नाही, कृपया वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या अमूल्य सहकार्याबद्दल शेवटच्या पानावर आभार मानले आहेत, अर्थात नाव न घेता.

यंदा वाढ साडेअठरा धरली आहे.

धाकटी विचारते, जेवायला कधी येता?

आपला,
भावजी